नालखेकड्याच्या शेपटीतील विष

एका खाडीच्या मुखाशी, चिखल आणि वाळू जेथे मिळतात तेथे, एक नालखेकडा राहत असे. त्याची पाठ घोड्याच्या नालेसारखी गोल व कठीण होती, आणि मागे भाल्यासारखी लांब, टोकदार शेपटी होती. मुलांनो, या प्राण्याच्या शेपटीत विष नसते. तो तिने कोणाला टोचतही नाही. लाटेने उताणा पडला, तर तीच शेपटी वाळूत रोवून तो पुन्हा सुलटा होतो. ईश्वराने ती त्याला एवढ्यासाठीच दिली आहे. पण एके दिवशी ती शेपटी पाहून एक कोळंबी दचकली आणि म्हणाली, "अगबाई! हा नांगी मारतो वाटतं!" नालखेकडा गप्प राहिला. ते गप्प राहणे हे त्याचे पहिले खोटे.

दुसरे खोटे तो तोंडाने बोलला. तो चिखलातले किडे वेचून खात असता, शंखात राहणारा एक लहानसा खेकडा भुकेने जवळ आला. नालखेकड्याने शेपटी उचलली. "मागे हो! एकदा टोचली, की तुझा शंख रिकामा!"

"चुकलं, काका," असे म्हणून तो बिचारा उपाशीच मागे सरला. तेव्हापासून खाडीत नालखेकड्याला वाट मोकळी मिळू लागली. कुरव नावाचा समुद्रपक्षी मोठा खादाड. पण तोही त्याच्यापासून दूर उतरे. धाक वाढत गेला. सोबत मात्र कोणाची उरली नाही.

पुढे अमावास्येच्या दुपारी मोठी भरती आली. अशा भरतीला नालखेकडे अंडी घालण्यासाठी वाळूवर चढतात. तोही आपल्या मादीसह चढला. अंडी वाळूखाली ठेवून दोघे परतत असता एका लाटेने त्याला उचलले आणि काठावर उताणे टाकले. मादी पाण्याबरोबर गेली. पाणी ओसरले, तो राहिला. त्याने शेपटी रोवून पाहिली, पण वाळू भुसभुशीत होती. शेपटी आत आत जाई, आधार काही मिळेना. ऊन तापले. पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारखे त्याचे कल्ले होते. त्यांनीच तो श्वास घेत असे, आणि आता ते सुकू लागले. दहा हातांवर कुरव येऊन बसला. शेपटीकडे पाहून तो पुढे येईना, आणि आशेने तेथून जाईनाही.

इतक्यात तोच लहान खेकडा शंख ओढीत तेथून चालला होता. नालखेकडा क्षीण स्वरात म्हणाला, "बाळा, तो गोटा माझ्या शेपटीखाली सरकव. टेकू मिळाला, की मी सुलटा होईन."

"नको रे बाबा!" खेकडा जागच्या जागी थबकला. "काका, तुमच्या शेपटीजवळ काय मरायला येऊ?"

नालखेकड्याने कुरवाकडे पाहिले. खरे सांगावे, तर कुरवही ते ऐकणार. न सांगावे, तर ऊन आपले काम करणार. त्याने मनात देवाचे स्मरण केले आणि स्पष्ट सांगितले, "तिच्यात विष नाही. कधीच नव्हते. मी खोटे बोललो, आणि त्या खोट्याच्या बळावर तुला उपाशी परतवले."

"विष नाही?" कुरव ओरडला. "आणि मी इतका वेळ उगाच लाळ गाळत बसलो!" त्याने झेप घेतली आणि चोचीने नालखेकड्याचा एक पाय तोडला. निळे रक्त वाहिले. या जातीचे रक्त निळेच असते. लहान खेकडा मात्र पळाला नाही. शंखासकट अंग लावून त्याने गोटा शेपटीखाली लोटला. "काका, रोवा आता! लावा जोर!"

शेपटी गोट्यावर टेकली, देह कमानीसारखा उचलला आणि उलटला. कुरवाने मारलेली दुसरी चोच कठीण पाठीवर 'टक्' करून आपटली. तिसरीही तशीच आपटली. मग तो चोच झाडीत उडून गेला. तोपर्यंत निळे रक्त जखमेवर साकळले होते, आणि त्यानेच जखम बंद केली होती.

"दुखतं का हो काका?" खेकड्याने विचारले.

"दुखते. पण चालता येते," नालखेकडा म्हणाला आणि हळूहळू पाण्याकडे निघाला.

आता त्या खाडीत त्याला कोणी वाट करून देत नाही. कोळंबी त्याच्या शेपटीखालून खुशाल ये-जा करते. किडे सापडले, की पहिला घास तो लहान खेकड्याला देतो. आणि लांब जायचे असले, की खेकडा त्याच्या पाठीवर चढून बसतो आणि वरून म्हणतो, "काका, जरा हळू!"

तात्पर्य : खोटा धाक शत्रूला दूर ठेवतो, तसाच साहाय्य करणाऱ्यालाही दूर ठेवतो, म्हणून झीज सोसावी लागली तरी खरे सांगावे.