टोपलीभर अंगण

तळ्याच्या मधोमध दगडामातीचा तो उंच खांब दिसतो आणि त्याच्या डोक्यावर मोहाचं झाड, ते तिथं कोणी नेऊन लावलेलं नाही. झाड होतं तिथंच आहे. जमीन खाली गेली. पाहुण्यांना आधी हे पटत नाही. कोणी म्हणतं पाखरानं बी टाकलं असेल, कोणी म्हणतं पूर्वी देऊळ असेल. असू द्या बापा, फोटो काढून घ्या आधी, मग निवांत ऐका. फक्त त्या बांधावर जाऊन उभे राहू नका. काठापासून निघून खांबाच्या दिशेनं पाण्यात शिरलेला आणि मध्येच संपलेला तो मातीचा बांध सरकारनं घातलेला नाही. ती आमच्या अंगणांची माती आहे.

गावाचं नाव मोहटोला. जिल्ह्याच्या पार उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथं तळं नव्हतं, डोंगर होता. लहानसाच, पण डोंगर. माथ्यावर हे मोहाचं झाड, मडाव्यांच्या घराण्याचं. मोहाची झाडं आमच्याकडे शेतासारखी घराघरांत वाटलेली असतात. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही, मग घरात चूल थंड का असेना. सासू जाताना सुनेच्या हाती झाड देऊन जाते. या झाडाची शेवटची धनीण सुगंती मडावी. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक, सोमारू. तळ्याची सगळी गोष्ट या मायलेकांची आहे.

असं सांगतात, की एकदा लागोपाठ पाऊस रुसला. धान पिकेना, जंगलातले कंदही सरले. त्याच सुमाराला डोंगरात काळा, जड दगड सापडला. पोलादाच्या कारखान्यात तो लागतो म्हणे. परमुलखातला ठेकेदार आला, खदान सुरू करतो म्हणाला. काम मिळणार होतं, पण डोंगर म्हणजे देव. देवाच्या अंगावर कुदळ कशी घालायची? सगळं गाव भुमक्याकडे गेलं. भुमका म्हणजे आमचा पुजारी, डोंगराशी बोलणारा माणूस. त्यानं तांदूळ मांडले, कोंबडं दिलं आणि मग सांगितलं, "देव खा म्हणते. पण साक्ष ठेवा म्हणते."

साक्ष म्हणजे काय, ते सांगायला हवं. खोदकाम करणारे खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीचा एक खांब तसाच ठेवतात. किती खोल गेलो, ते त्यावरून कळतं. मोजणी झाली की तो खांबही पाडतात. भुमक्यानं सांगितलं, मोहाखालची साक्ष कधीच पाडायची नाही. आपण डोंगर किती खाल्ला, ते देवाला दिसत राहिलं पाहिजे. साक्षीला हात लागला त्या दिवशी आपलं खाणं संपलं. गावानं झाडाला हात लावून शब्द दिला. सुगंतीनंही दिला. सोमारू तेव्हा तिच्या कडेवर होता.

मग काय, चुली पेटल्या. पुरुष खोदायचे, बायका टोपल्या वाहायच्या. अंगाला, भाकरीला, लेकरांच्या केसांना काळी भुकटी. शेतांवर खदानीच्या मातीचे ढिगारे चढले. कोणाचं काही बिघडलं नाही, कारण नांगर धरायला कोणाला सवडच नव्हती. सोमारू त्या खदानीतच वाढला. त्याच्या वयाच्या पोरांना धान कसं लावतात ते माहीत नव्हतं, सब्बल कुठं मारली की दगड सुटतो ते मात्र झोपेत विचारा. डोंगर खाली खाली जात राहिला आणि सुगंतीचा मोह वर वर जात राहिला. खरं तर तो जागेवरच होता. चैत्रात फुलं वरून खड्ड्यात पडायची आणि सुगंती खाली काळ्या दगडांतून ती वेचायची. पांढरी रसाळ फुलं, त्यांना काळी भुकटी लागलेली. धुऊन वाळवायची आणि म्हणायची, "देव अजून पोसून राहिला बाप्पा."

पण दगड काही उगवत नाही. एक दिवस खड्ड्याच्या तळाशी नुसती पिवळी माती लागली. ठेकेदारानं आधी बायकांचं काम बंद केलं, मग म्हाताऱ्यांचं, मग एकेका टोळीचं. लोक बिऱ्हाड बांधून दूरच्या कोळशाच्या खाणीकडे जाऊ लागले. तिकडं काम आहे असं ऐकलं होतं. कसलं काम, कुठं राहायचं, ते कोणालाच धड माहीत नव्हतं. घरांना कुलपं लागली. जे गेले त्यांचा निरोप येईना. सुगंतीच्या शेजारची म्हातारी रोज दारात बसून रस्त्याकडे बघायची आणि कोणी विचारलं की म्हणायची, येईल ना, पोळ्याला येईल. पोळा आला, गेला. म्हातारी दारातच गेली. तिला उचलायला तिचा लेक नव्हता, तेव्हा सोमारूनं खांदा दिला. त्या दिवसापासून सुगंतीच्या पोटात भीती बसली.

आणि तिला भीती होती तेच झालं. सोमारू एका संध्याकाळी म्हणाला, "माय, मीही जातो. इथं बसून काय माती खाऊ?"

"मले कोणाच्या भरोशावर सोडतं?" तिनं विचारलं.

"दोन पावसाळे. मग येतो."

"सारेच असं म्हणून गेले," ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

तिला कळत होतं, की पोरगा खोटं बोलत नाही. पोटाला लागतंच. पण त्याची वळकटी कोपऱ्यात दिसली की तिला हातातलं काम सुचेना. पाणी आणायला जायची आणि रिकामा हंडा घेऊन परत यायची.

खदानीचा मुकादम गुणाजी, गावातलाच, सोमारूच्या बापाचा सोबती. तो सुगंतीच्या ओट्यावर येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, दगड आहे अजून. चांगला दगड आहे. पण तुमच्या झाडाखाली आहे." त्यानं पुढं सांगितलं, की ठेकेदार खांब द्या म्हणतो, मग खदान चालते, गावातले उरलेले लोक राहतात, सोमारूही राहतो. पण झाड तुमचं. तुमच्या होकाराशिवाय इथला एक माणूस कुदळ उचलणार नाही.

सुगंती भुमक्याकडे गेली. तो आता फार थकला होता, खाटेवरून उठत नव्हता. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "शब्द देलता ना, माय?" ती तिथून निघाली आणि थेट खड्ड्यात उतरली, खांबाला पाठ टेकून बसली. वर बघितलं तर झाडाची मुळं खांबाच्या अंगावरून लोंबत होती. तिला रडू आलं. देवाचा राग येत होता आणि देवाची लाजही वाटत होती. देवा, एकच आहे रे माझ्याकडे, असं ती मोठ्यानं म्हणाली. ते ऐकणारं तिथं कोणी नव्हतं, तरी ते आजवर गावाला तोंडपाठ आहे.

आणि मग तिला ती युक्ती सुचली. आमच्या गावाची सगळ्यात मोठी चूक ती हीच. तिनं गुणाजीला सांगितलं, "खांब पाडू नका. वरून काही काढू नका. खालून, पायथ्याशी पोखरा. झाड उभं राहील, साक्ष उभी राहील, अन् दगडही निघेल. शब्द मोडला असं देव कसा म्हणेल?" लोकांना ते लगेच पटलं. भुकेल्या माणसाला पटायला कितीसा वेळ लागतो? देवाला वरून खांब दिसत होता, म्हणजे झालं. तरी पहिली कुदळ घालायला कोणी पुढं होईना. झाड मडाव्यांचं, तर हातही मडाव्यांचाच हवा, असं ठरलं. सोमारूनं कोपऱ्यातली वळकटी सोडली, चादर मायला परत दिली आणि सब्बल घेऊन खांबाच्या पायथ्याशी वाकला.

दगड निघाला. इतका चांगला, की जुन्या माणसांनी तो हातात घेऊन पाहिला. खदान पुन्हा चालू झाली, गेलेल्यांतलेही काही परतले. सोमारू रोज संध्याकाळी घरी यायचा, काळ्या अंगानं ओट्यावर बसायचा. सुगंती त्याच्या डोक्यावर पाणी ओतायची आणि उगीचच ओरडायची, केवढी घाण करून ठेवली रे अंगणात! तिच्या जन्मातला तो सुखाचा हंगाम होता. त्याच्यासाठी मुलगी बघायलाही तिनं सुरुवात केली होती म्हणतात.

चैत्रातल्या एका दुपारी पायथ्याच्या भोकातून पाणी झिरपू लागलं. स्वच्छ, गार पाणी. सोमारू आत होता. त्यानं ओंजळ भरून प्यायलं आणि आतूनच हाक दिली, "माय, देवानं पाणी पाजलं वो!" सुगंती टोपली घेऊन बाहेरच उभी होती. ती हसली. पुढं काय झालं, ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. डोंगराच्या पोटात कुठंतरी पाणी दबून होतं, ते सुटलं. माणसं टोपल्या टाकून वर पळाली. गुणाजीनं सुगंतीला दंडाला धरून ओढत नेलं, ती त्याच्या हाताला चावली तरी त्यानं सोडलं नाही. काठावरून सगळे बघत राहिले. खड्डा भरत गेला. खांब पडला नाही. झाडाची फुलं पाण्यावर पडत राहिली. आतला पोरगा बाहेर आला नाही.

डोंगराचं खाणं संपलं. ठेकेदारानं उरलेलं सामान गाड्यांवर घातलं आणि तो गेला, परत आला नाही. गावातल्या लोकांपुढं जाण्याशिवाय काही उरलं नाही. पण जायचं तर तळ्याच्या काठावरूनच वाट, आणि काठावर सुगंती. तिला तोंड कसं दाखवायचं? त्या हंगामाचं अन्न सगळ्यांनी खाल्लं होतं.

ती रडत नव्हती. ती टोपलीनं माती वाहत होती. घराच्या अंगणातली माती खणायची, डोक्यावर घ्यायची, काठावर आणून पाण्यात ओतायची. कोणीतरी विचारलं, सुगंतीमाय, हे काय करून राहिली? ती म्हणाली, "पोरगा दूर गेला नाही माझा. हा काय इथंच आहे. तिथवर चालत जाता आलं पाहिजे न मले." सोमारू लहानपणी ज्या अंगणात रांगला, त्या अंगणात पुढं पुरुषभर खड्डा पडला.

पहिलं माणूस निघालं ते गुणाजीच्या घरचं. त्याचा थोरला लेक एकटाच पुढं जाणार होता आणि गुणाजीच्या बायकोनं त्याचा सदरा धरून ठेवला होता, सोडतच नव्हती. सुगंतीनं ते पाहिलं. डोक्यावरची टोपली खाली ठेवली, त्या बाईजवळ गेली, तिची बोटं एकेक करून सदऱ्यावरून सोडवली आणि म्हणाली, "जाऊ दे त्याले. मी नाही जाऊ देलं." एवढंच. मग गुणाजीची बायको घरी परतली, स्वतःच्या अंगणातली माती टोपलीत भरून घेऊन आली आणि लेकाच्या डोक्यावर टोपली ठेवली. लेकानं ती सुगंतीच्या मातीवर ओतली आणि मागं न बघता चालू लागला.

सुगंती त्यानंतर बरीच वर्षं जगली. शेवटी टोपली उचलवेना, तेव्हा पदरात मूठ मूठ माती न्यायची. एका सकाळी ती बांधाच्या टोकाला, खांबाकडे तोंड करून बसलेली सापडली. बांध तेव्हा फार पुढं गेलेला नव्हता.

आजही मोहटोल्यातून कामासाठी बाहेर निघणारा, मग तो कोळशाला जाओ, विटांच्या भट्टीवर जाओ की शहरात, आधी इथं येतो. टोपली त्याची माय भरते, आपल्या अंगणातल्या मातीनं. माय नसेल तर मावशी, आजी, कोणीही, पण ज्याला मागं राहायचं आहे त्यानंच भरायची. ज्या बाईला लेकाला जाऊ द्यायचं नाही, ती माती भरत नाही आणि लेक थांबतो. पण असं फारसं होत नाही. बायका भरतात. पदर तोंडात धरून भरतात, पण भरतात. लेकानं टोपली ओतली की ती रिकामी टोपली मायच घरी नेते.

चैत्रात खांबावरचा मोह आजही फुलतो. फुलं पाण्यावर तरंगतात, कोणी उचलत नाही. झाडाला आता धनीण नाही. बांध मात्र अलीकडे भराभर पुढं सरकतो आहे. पूर्वी पिढीभरात जेवढा वाढायचा, तेवढा हल्ली एखाद्या वर्षात वाढतो. काठावरून मारलेला दगड पूर्वी खांबापर्यंत पोहोचत नसे. बांधाच्या टोकावरून आता पोर मारतं तोही लागतो. लवकरच माती खांबाला टेकेल आणि सुगंतीमायचं म्हणणं पुरं होईल. तिथवर कोणालाही चालत जाता येईल. फक्त तेव्हा गावात चालत जायला कोण असेल, ते आम्ही आपसात बोलत नाही.

टोकाची माती ओली दिसते ना, ती आज सकाळची आहे. त्या पलीकडच्या घराची. ती बाई अजून रिकामी टोपली घेऊन काठावरच बसली आहे. जाताना तिच्याशी दोन शब्द बोलून जा.