मासोळीच्या डोक्यातली चांदणी

माणसाला आपल्याच डोक्यात काय चालतं याचा पत्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या ओढ्यात एक बोटभर मासोळी राहायची. तिच्या डोक्यात मज्जापेशी होत्या, एकजात बडबड्या! आणि त्यांच्यामध्ये हातपाय पसरून बसलेली, चांदणीसारखी एक पेशी होती. ती सगळ्यांना खाऊपिऊ घालायची, त्यांचा पसारा आवरायची, पण बोलायची नाही. मज्जापेशी म्हणायच्या, "ही कसली पेशी? हा तर आपल्याला चिकटवून ठेवणारा डिंक!"

एकदा ओढ्याला लोंढा आला. "मार शेपटी! मार! मार!" मज्जापेशींनी एकच गिल्ला केला. मासोळी जिवाच्या आकांताने लोंढ्याच्या उलट पोहू लागली, पण समोरचा काळा खडक काही जवळ येईना! तिला धाप लागली. "अजून जोरात!" मज्जापेशी किंचाळल्या.

तेवढ्यात चांदणी म्हणाली, "थांबा."

"अगंबाई, डिंक बोलला! अगं भित्रे, थांबलो तर वाहून जाऊ!"

"मी मघापासून बघतेय, खडक आहे तिथेच आहे. अशाने ही मासोळी दमून मरेल. थांबा म्हणते ना!" आणि तिने शेपटीकडे निघालेला हुकूम वाटेतच अडवला.

शेपटी थांबली. मासोळी वाहत गेली, गेली, आणि लोंढ्यानेच तिला एका दगडामागच्या संथ पाण्यात नेऊन सोडलं! तिथे तिचा श्वास जागेवर आला. हळूहळू लोंढाही ओसरला.

"आता काय करायचं गं?" सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मज्जापेशीने हळूच विचारलं.

चांदणी पसारा आवरत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "आता ओरडा!"