बरणीतून सुटलेली पिल्लं

"माई, मग निघू ना मी आता?"

मोरेश्वरने पुन्हा विचारलं. साळूमाई तांदूळ निवडत राहिल्या...

माईंजवळ राहून मोरेश्वरने अख्खी गीता तोंडपाठ केली होती. आज कराडला त्याचं पहिलं प्रवचन. न्यायला गाडी आलेली. पण माईंनी "निघ" म्हटल्याशिवाय शिष्याने उंबरा ओलांडायचा नाही, हा त्या घरचा रिवाज होता.

"अजून काही शिकायचं राहिलंय का माझं?"

"खिडकीतल्या बरणीत काय आहे रे?"

मोरेश्वर खुलला. लिंबाच्या फांदीवरची अंड्यांची गाठ त्याने हौसेने बरणीत ठेवली होती. प्रार्थनाकीटकाची. पुढचे पाय जोडून तासन् तास बसणारा तो हिरवा किडा! पिल्लं निघाली की ती लोकांपुढे ठेवून एकाग्रतेवर बोलायचं, असा त्याचा झकास बेत होता.

"झाकण घट्ट आहे, माई. हवेपुरती भोकं पाडलीत दाभणाने. मी सोडल्याशिवाय एकही बाहेर यायचं नाही."

"पायाशी बघ."

त्याने बघितलं.

उन्हाच्या उबेने गाठ केव्हाच फुटली होती. भोकाभोकांतून दोऱ्याएवढी पिल्लं निघत होती, भिंतीवरून उतरत होती. खिडकीपासून उंबऱ्यापर्यंत जमीन हलत होती नुसती.

मोरेश्वरची तारांबळ उडाली. होता तिथेच उकिडवा बसून तो पिल्लं ओंजळीत भरू लागला. दोन धरावीत तर चार बोटांतून निसटत.

एक त्याच्या अंगठ्याच्या नखावर चढलं. थांबलं. पुढचे पाय जोडले. आणि मान वळवून त्याच्याकडे बघू लागलं.

मोरेश्वरच्या अंगावर काटा आला. आत्ता जन्मलेला, केसाएवढा जीव... आणि त्याला मान होती, डोळे होते, नजर होती! तोंडपाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. ओंजळ आपोआप सैल झाली. डोळे भरून तो नुसता बघत राहिला.

बाहेर हॉर्न वाजला.

"निघ," माई म्हणाल्या.

तो जपून उठला. नखावरचं पिल्लू त्याने भिंतीवर उतरवलं आणि पाऊल उचललं.

ते तसंच अधांतरी राहिलं...

"माई," त्याने खाली बघत विचारलं, "पाय कुठे ठेवू?"

"हेच विचारत विचारत जा."