उंबऱ्यावरचा झेंडू

खूप मागची गोष्ट आहे. त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येणार नाही.

तिथे एक सुतार राहत होता. गावोगाव साथ पसरली होती, तेव्हा ऐन दसऱ्याला त्याचा धाकटा भाऊ परगावाहून आला. हातात झेंडूची माळ, अंगात फणफणता ताप. "दादा, दार उघड!" तो हाका मारत राहिला. सुतारानं फटीतून पाहिलं आणि कडीवरचा हात मागे घेतला. दिवस मावळता हाका थांबल्या. प्रेत गावकऱ्यांनी उचललं, माळ उंबऱ्याशीच वाळून गेली. सुतार बाहेर आलाच नाही.

पुढच्या पावसाळ्यात उंबऱ्याशी झेंडू उगवला.

सुतार मनाशी म्हणाला, भाऊच परत आला, दुसरं कोण! फुलं टवटवीत असेपर्यंत जवळ जायची त्याची छाती होईना. ती वाळली, की डोळे मिटून झाडं उपटायची आणि अंगणात भिरकावायची. पुढल्या वर्षी दुप्पट झेंडू! चार वर्षांत अंगणभर रान माजलं. एवढा आडदांड गडी, पण गोठ्यातून घरात शिरायचा. लेकीला बघायला आलेले पाहुणेही शेण तुडवत आत आले आणि तसेच परत गेले.

त्या गावात सर्वपित्री अमावास्येला जो तो गेलेल्या माणसाचं नाव घेई आणि झेंडूचं फूल नदीत सोडी. सुतार आईबापांची दोन फुलं सोडून पळत सुटे.

त्या वर्षी फुलं विकणारी म्हातारी माळीण वाटेत आडवी आली. "तिसरं फूल कुठंय रे?"

सुतारानं हात जोडले. "मावशी, तो सूड घेतोय. उपटावा तितका उगवतोय."

"वाळलेली फुलं भिरकावतोस, त्यांचंच बी सांडतं. तूच पेरतोस की, मुडद्या!" म्हातारी करवादली. "भ्यायचंच तर स्वतःच्या पापाला भी. अरे, गेलेल्याला फूल देतात ते तोंड उघडायला धीर यावा म्हणून. जा, त्याच्याच झाडाचं तोड."

चार वर्षांत पहिल्यांदाच सुतार उघड्या डोळ्यांनी फुललेल्या झेंडूजवळ गेला. त्यानं एक फूल तोडलं. फूल घेऊन तो नदीत गुडघाभर उतरला. दातखिळी बसली होती. शेवटी ओरडलाच, "येसबा! तू हाका मारत होतास, मी दाराआडच होतो रे. मी भ्यालो!"

फूल वाहत गेलं. सुतार काठावर बसून ढसाढसा रडला.

भय काही एका दिवसात गेलं नाही. पण झेंडू दिसला की त्याला धडकी भरायची, ती थांबली. आता नुसतं रडू येई, भावाच्या आठवणीनं.

तात्पर्य एवढंच: गेलेलं माणूस भूत होत नाही, आपण लपवलेली चूक मात्र होते.