दवंडीवाल्याचे दोन दात

डोंगरांना अजून नावंही मिळाली नव्हती, त्या काळची गोष्ट. एका गावात सटवाजी नावाचा दवंडीवाला राहत होता. त्यानं डफ वाजवून हाक दिली की चुलीपुढची माणसंही उठून दारात येत.

एकदा विहिरीच्या पायऱ्यांवरून त्याचा पाय घसरला. डफ वाचला, पण पुढचे दोन दात गेले.

दुसऱ्या दिवशी तो "ऐका हो ऐका" म्हणाला आणि तोंडातून शीळच वाजली. पोरं खिदळली. सटवाजी ओशाळला. त्या दिवसापासून तो तोंडावर उपरणं धरून दवंडी देऊ लागला.

एकदा त्यानं सांगितलं, "उद्याचा बाजार ओढ्यापाशी!" कुंभारांना ऐकू आलं, "वाड्यापाशी." ते बिचारे दिवसभर वाड्यासमोर मडकी मांडून बसले आणि गिऱ्हाइकं ओढ्याकाठी फिरत राहिली.

पाटील म्हणाले, "सटवाजी, पुढच्या बाजारापर्यंत बोलणं सुधार. नाहीतर डफ दुसऱ्याकडे द्यावा लागेल."

सटवाजी घाबरून सोनाराकडे गेला. सोनार म्हणाला, "सोन्याचे दात करून देतो. राजालाही हेवा वाटेल! बैलजोडी तेवढी माझ्या दारात बांध."

सटवाजी घरी येऊन बैलांची दावी सोडू लागला. त्याची बायको सगुणा आडवी आली.

"अहो, बैल देऊन दात आणाल, पण त्या दातांनी चावायचं काय?"

"मग डफ जाऊ देऊ?"

"डफ कशाला जाईल? आधी भागाक्काकडे जाऊन या."

भागाक्का शिंगाच्या फण्या करायची. सटवाजीनं लाजत उपरणं बाजूला केलं. म्हातारी हसली. "एवढंच ना? अरे, मी जन्मभर दातच तर कोरतेय!"

तिनं त्याला मऊ मेण चावायला दिलं आणि ठशावरून माप घेतलं. मग शिंगाच्या पांढुरक्या तुकड्यातून दोन दात कोरले, घासून गुळगुळीत केले आणि रेशमी दोऱ्यानं शेजारच्या दातांना बांधले.

"हे बोलायला आणि हसायला आहेत, ऊस सोलायला नाहीत," तिनं बजावलं. "रोज चूळ भर. दोरा सैल झाला की परत ये."

"मावशी, तुला काय देऊ?"

"पायलीभर ज्वारी दे. आणि तोंडावरचं ते उपरणं कायमचं काढ."

बाजाराच्या आदल्या दिवशी डफ कडाडला. "उद्याचा बाजार ओढ्यापाशी हो!" शब्द न् शब्द खणखणीत. सकाळी कुंभारांची मडकी ओढ्याकाठी मांडलेली होती आणि दुपारपर्यंत एकही उरलं नाही.

त्यानंतर भागाक्काच्या दारात एकेक जण येऊ लागला. कुणी पदराआडून हसणारी आजी, कुणी मिशीआड खिंडार लपवणारा आजोबा. इतकी वर्षं ही माणसं गप्प का होती, ते गावाला तेव्हा कळलं. त्या हिवाळ्यात फण्यांचं काम मागे पडलं, पण गाव मात्र तोंड भरून हसलं.

तात्पर्य : उणीव झाकत बसू नये आणि ती भरून काढायला घरदारही विकू नये, गरज भागवणारा साधा उपाय बहुधा जवळच असतो.