घरगाडीतलं तांब्याभर पाणी

“म्हणजे अजून काय सोडायचं राहिलंय माझं, महाराज?”

पद्माकरशास्त्र्यांनी हे विचारलं तेव्हा सोपानगिरी महाराज वाकून घरगाडीच्या पोटाखाली बघत होते. एका भक्तानं दिलेली ती गाडी. आत झोपायला फळी, शेगडी, पाण्याची टाकी, छोटीशी मोरी आणि तिला एक नळ. लाहौलच्या डोंगरात उन्हाळाभर हीच महाराजांची मठी. आता थंडी सरेपर्यंत ती बर्फात उभी राहणार होती आणि महाराज गावात मुक्काम हलवणार होते.

शास्त्रीबुवा लातूरकडचे. प्रवचनाला बसले की मंडप डोलायचा, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. मान सोडला, शिष्य सोडले, हे ते आल्यागेल्याला कुणी न विचारताही सांगत. आता हवा होता फक्त अनुग्रह. उद्या घाट बंद व्हायचा. आज मिळाला नाही तर हात हलवत खाली उतरणं आलं...

“गाडीतलं पाणी काढ,” महाराज म्हणाले. “राहिलं तर गोठेल.”

शास्त्रीबुवांनी टाकीखालची चावी सोडली. स्वच्छ पाणी उतारावरून वाहून चाललं. दुष्काळात वाढलेला माणूस, त्यांचा जीव तुटत होता.

“झाली रिकामी?”

“झाली, महाराज.”

“सगळी?”

“तांब्याभर ठेवलंय तळाला. घरात पाणी नाही असं होऊ देऊ नये, म्हणतात आमच्याकडे.”

महाराजांनी आतून गाडीच्या जुन्या नळीचा एक तांब्याचा तुकडा आणून शास्त्रीबुवांच्या हातावर ठेवला. नळी शेंगेसारखी उभी उकलली होती.

“घण घातला कुणी?”

“पाण्यानं फोडली, गोठून. थोडंच होतं.”

शास्त्रीबुवांनी फाटलेल्या धातूवरून बोट फिरवलं.

ते उठले आणि मुकाट्यानं चावी पुन्हा सोडली. तांब्याभर पाणी दगडांत जिरलं.

“आता आत जा. नळ उघड आणि त्याला कान लाव.”

मोरी इतकी ठेंगणी की शास्त्रीबुवांना गुडघे टेकून मान पार वाकवावी लागली. अशी ती कुणापुढे वाकल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

बाहेर महाराजांनी त्या नळाकडे जाणाऱ्या नळीच्या गाडीखालच्या टोकाला ओठ लावले आणि फुंकर घातली.

आधी गुळगुळ झाली. चार गार थेंब कानावर पडले. मग पाणी संपलं आणि नुसता श्वास आला... लांब, उबदार, थांबेचना. सगळी गाडी खालून वरपर्यंत घुमायला लागली.

शास्त्रीबुवांच्या अंगावर सरसरून काटा आला. अनुग्रह देण्याला त्यांच्याकडे कान फुंकणं म्हणतात. त्यांनी आजवर किती जणांचे फुंकले होते, पाटावर बसवून, नारळ घेऊन. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

आवाज शमला. महाराज दारात येऊन उभे राहिले.

“महाराज...” सवयीनं शास्त्रीबुवांचा हात नळाकडे गेला होता. “पण यात मंत्राचं अक्षर तर एकही नव्हतं.”

महाराजांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं.

“नळ बंद करू नकोस.”