गोलिचाची मुकी विहीर

इथिओपियाला येणारे पाहुणे बहुतेक उत्तरेलाच जातात. खडकात कोरलेली चर्चं बघतात, निळ्या नाईलचा धबधबा बघतात, चुलीवर भाजलेल्या कॉफीचा वास नाकात भरून घेतात आणि विमानात बसतात. दक्षिणेला, केनियाच्या हद्दीला टेकलेल्या बोराना लोकांच्या मुलखात येतो तो एखादाच हट्टी. तिथे लाल माती, माणसाहून उंच वारुळं, काटेरी झाडं आणि जिकडे पाहावं तिकडे गुरं. आणि गुरांसाठी खणलेल्या खोल विहिरी.

या विहिरी गातात. म्हणजे गातात माणसंच, पण ऐकणाऱ्याला विहीरच गातेय असं वाटतं. विहिरीच्या आत भिंतीला धरून टप्पे असतात, एकेका टप्प्यावर एकेक जण उभा राहतो आणि खालची कातड्याची बादली हातोहात वर येते. वरचा गाण्याची ओळ म्हणतो, तळातला तिला जबाब देतो, आणि त्या तालावर हात चालतात. पाणी विहिरीच्या तोंडाशी बांधलेल्या, गुरांना पाजायच्या डोणीत पडतं. जमिनीपासून डोणीपर्यंत एक लांब उतार खणलेला असतो, त्यावरून गुरं खाली येतात. प्रत्येक कळपाचं गाणं वेगळं. आपलं गाणं ऐकलं की गुरं मान वर करून चालू लागतात, दुसऱ्याच्या गाण्याला ती हलत नाहीत.

अशा एका विहिरीवर मात्र कोणी गात नाही. तिथे पाहुण्यांना घेऊन जातो तो दबासो नावाचा म्हातारा वाटाड्या. उन्हानं रापलेला, एका कानानं कमी ऐकणारा आणि तोंडाचा फटकळ. उताराच्या तोंडाशी तो सगळ्यांना थांबवतो, मोबाइल खिशात घालायला लावतो आणि खाली बसवतो. कोणी चुळबुळ केली की म्हणतो, "घाई असेल त्यानं गाडीत जाऊन बसावं. इथे जे झालं ते घाईनंच झालंय." मग तो सांगू लागतो. त्याला त्याच्या आजोबानं सांगितलं, आजोबाला आणखी कोणी. खरंखोटं विहिरीला माहीत, असं म्हणून तो मोकळा होतो.

फार मागे, म्हणे, लागोपाठ दोन पावसाळे आले नाहीत. गवताची मुळं वाऱ्यानं उडाली. आसपासच्या विहिरी एकेक करून आटल्या आणि शेवटी ही एकच उरली. तिच्याही तळाशी नुसता चिखल. तेव्हा ठरलं की हीच आणखी खोल न्यायची. तीन वाड्यांची गुरं उताराच्या वर, काटेरी फांद्यांच्या कुंपणात कोंडून ठेवली. चार दिवस झाले होते त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

तळाशी उतरला गोलिचा. त्याच्यासारखा खणणारा त्या मुलखात दुसरा नव्हता. धाकटा भाऊ जतानी सगळ्यात वरच्या टप्प्यावर. आईबाप लवकर गेले, तेव्हा गोलिचानंच त्याला वाढवलं होतं. स्वतः अर्धपोटी राहून दुधाचा लोटा त्याच्यापुढे सरकवला होता. जतानीला खणण्यात गती नव्हती, गुरं राखण्यातही बेताचीच. पण गळा असा की तो गायला लागला की दूर गेलेली गाय मागे वळायची. गोलिचाला त्याचा कोण अभिमान. म्हणायचा, "मी नुसतं पाणी काढतो, त्याला गोडी हा आणतो."

पाण्याची पाळी लावायचं काम हलाके नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. कोणाची गुरं आधी, कोणाची नंतर, हे त्यानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हलाकेनं त्या दिवशी एकच गोष्ट बजावली. डोणी काठोकाठ भरेपर्यंत गाणं नाही. गुरं तहानेनं पिसाळलेली आहेत, गाणं कानावर पडलं तर कुंपण टिकायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. जतानीनंही हलवली.

पण बिनगाण्याचं काम कोणाला ठाऊक होतं? जन्मापासून हात तालावर चाललेले. बादली वर आली तर घ्यायला हात तयार नसे, हात तयार झाला तर बादली नसे. दोनदा बादली निसटली आणि दुसऱ्यांदा ती एकाच्या खांद्यावर आदळली. तळाला असलेल्या गोलिचाचे तर फारच हाल. तिथे उजेड नाही, हवा जड. एरवी वरचं गाणं ऐकू यायचं तेव्हा त्याला कळायचं की वर माणसं आहेत, आपण एकटे नाही. त्या दिवशी नुसता स्वतःचा श्वास.

दुपारच्या सुमाराला खालून हाक आली.

"जतानी, आहात ना रे सगळे?"

"आहोत, दादा."

"मग गा की थोडं. माझे हात कुठे आहेत तेच मला कळेना झालंय."

जतानीनं हलाकेकडे पाहिलं. हलाकेनं मान हलवली, नाही. जतानीनं ओठ दाबून धरले. खाली गोलिचानं थोडा वेळ वाट पाहिली असावी, कारण कुदळीचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला, पण घाव हळू पडत होते. जतानीच्या जिवाची तगमग झाली. ज्यानं आपल्याला काही म्हणजे काही नाकारलं नाही, त्याला आपण एक ओळ नाकारली, हे त्याच्या मनातून जाईना.

सूर्य थोडा कलला आणि खालून गोलिचाचा आवाज आला. ओरडून नाही, साधाच.

"पाय भिजले."

दबासो इथे थांबतो. पाहुणे एकमेकांकडे बघतात, एखादी बाई हलकेच हसते. तिला वाटतं, झालं, सुटले सगळे. दबासो तिच्याकडे बघून म्हणतो, "हो, त्यांनाही तसंच वाटलं."

मागून आलेली बादली खरंच जड होती आणि तिच्यात चिखल कमी, पाणी जास्त होतं. टप्प्यांवरची माणसं रडायला लागली. जतानीनं ती डोणीत ओतली. डोणी भरायला अशा दीडदोनशे बादल्या लागणार होत्या. हात असेच अडखळत राहिले तर सूर्य बुडेल, आणि दादाच्या अंगात तोवर काय उरेल? तालावर काम चाललं तर डोणी आत्ता भरेल. हळूच म्हटलं तर वर कुठे ऐकू जाणार आहे? असा सगळा हिशेब त्यानं त्या एका क्षणात केला, असं सांगतात. काही जण म्हणतात, हिशेब कसला, आनंदानं त्याचं तोंड आपसूक उघडलं. दोन्ही खरं असेल.

त्यानं विहिरीत तोंड घालून, अगदी हलक्या आवाजात, गोलिचाच्या कळपाच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. तांबड्या गायीची ओळ, जिचं एक शिंग वाकडं आहे. आणि तळातून गोलिचानं जबाब दिला. पण तो काही हलका नव्हता. दिवसभर मुका राहिलेला माणूस, पाण्यात उभा. त्यानं छाती भरून जबाब दिला. विहिरीच्या गळ्यातून तो आवाज वर आला आणि उतारावरून माळावर गेला.

हलाके धावला, त्यानं जतानीच्या तोंडावर हात दाबला. उपयोग काय त्याचा? वर कुंपण मोडल्याचा आवाज झाला. काट्यांनी अंग फाटलं तरी गुरं थांबली नाहीत. तीन वाड्यांची गुरं त्या एका अरुंद उतारावरून खाली आली. पुढच्यांना थांबायचं असेल, पण मागच्यांनी थांबू दिलं नाही. डोणी फुटली. गुरं तिच्यावरून विहिरीच्या तोंडाशी आली, काठाची माती सुटली, आणि माती, दगड, गुरं सगळं एकदम खाली गेलं. टप्प्यांवरच्या माणसांना हात देऊन, केस धरून, जमेल तसं बाहेर ओढलं. कोणाचा पाय मोडला, कोणाच्या बरगड्या. सगळे निघाले. गोलिचा निघाला नाही.

जतानी हातांनी माती उपसत होता. त्याला धरून बाजूला करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गोलिचा सापडला. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला, भिंतीला पाठ लावून बसलेला. तोवर खाली कमरेइतकं पाणी साठलं होतं, स्वच्छ आणि गार. त्याला उताराच्या पायथ्याशी पुरलं आणि वर दगड रचले. गोलिचाची बायको तुमे तिथे बसून होती. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, "त्यांनी घोटभर तरी प्यायलं असेल का?" दोन दिवसांपासून तहानलेला माणूस खाली उतरला होता, आपल्या वाटचं पाणी त्यानं सकाळी घरी ठेवलेल्या वासरांना दिलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पाय भिजल्यावर ओंजळ भरायला त्याला वेळ मिळाला की तो वेळ गाण्यात गेला, हे मात्र कोण सांगणार?

मोठ्या उंबराखाली वडीलधाऱ्यांची बैठक बसली. बोरानांचे सगळे न्यायनिवाडे अशा झाडाखालीच होतात. हलाके म्हणाला, चूक माझी, मी गुरांचा विचार केला, तळातल्या माणसाचा केला नाही. जतानी उभा राहिला. म्हणाला, गळा माझा होता. त्यानं झाडाच्या बुंध्याला हात लावून शपथ घेतली की पुन्हा गाणार नाही, आणि जिवंत असेपर्यंत दादाच्या जागी, तळाशी उभा राहीन. वडीलधाऱ्यांनी ते मानलं.

डोणी पुन्हा बांधली. पाणी भरपूर होतं, पण तिथे गायचा धीर कोणालाच होईना. दोन कळप कसेबसे खाली आले आणि प्याले. गोलिचाचा कळप मात्र येईना. उताराच्या तोंडाशी ती गुरं उभी राहिली, नाकं फुगवून मातीचा वास घेत. त्या मातीत त्यांच्यातल्याच काहींचं रक्त होतं. खाली भरलेली डोणी दिसतेय आणि गुरं तहानेनं थरथरतायत, पण पाऊल पुढे पडत नाही. ढकललं तर मागे फिरतात. त्यांना त्यांचं गाणं हवं होतं, आणि ते म्हणणारा आता एकटा जतानीच उरला होता. दुसऱ्या दिवशी दोन गायी गुडघ्यांवर बसल्या, त्या उठल्या नाहीत.

तुमे विहिरीच्या काठावर आली. जतानी खाली उतरायच्या तयारीत होता.

"भावजी, गा," ती म्हणाली.

"वहिनी, मी शपथ घेतलीय."

"तुमची शपथ तुम्हाला लखलाभ. माझी गुरं मरतायत तिच्यापायी. त्यांच्या मागे हीच तेवढी राहिलीत मला."

जतानीचा चेहरा पडला. शपथ मोडायला तो तयार झाला, म्हणे. त्यानं तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. ज्या गळ्यानं दूरची गाय वळायची तो गळा उभ्या लोकांसमोर कोरडा पडला, आणि तो माणूस लहान मुलासारखा रडू लागला. तुमेनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा राग तेव्हाच गेला असं म्हणतात. दबासो म्हणतो, राग काही गेला नसेल, कामाला लागायचं म्हणून तिनं तो बाजूला ठेवला असेल.

ती डोणीपाशी जाऊन उभी राहिली. त्या गायी रोज तीच पिळत होती, एकेकीचं नाव तिला ठाऊक होतं. तिनं साध्या आवाजात, चुलीपाशी बसून घरच्या माणसाला हाक मारावी तशी, पहिली हाक मारली. "दीमतू." दीमतू म्हणजे तांबडी. कळपातून ती वाकड्या शिंगाची गाय बाहेर आली आणि एक एक पाऊल टाकत उतारावरून खाली आली. प्याली. तुमेनं तिच्या मानेवरून हात फिरवला, तिला वर पाठवलं आणि दुसरं नाव घेतलं. अशी एकेक करून सारी गुरं खाली आली. टप्प्यांवरची माणसं न बोलता बादल्या वर देत होती, तळातून जतानी भरत होता. हात अजून चुकत होते, पण कोणाला घाई नव्हती.

शेवटचं वासरू पिऊन वर गेलं तेव्हा ऊन उतरलं होतं. नावं संपली. तुमे तिथेच उभी राहिली, आणि मग तिनं त्याच आवाजात आणखी एक हाक मारली.

"गोलिचा."

टप्प्यांवरच्या माणसांचे हात थांबले. कोणी वर पाहीना. ती हाक तळाशी जतानीपर्यंत पोहोचली. त्यानं ओ दिली नाही. ती द्यायचा हक्क आपला नाही, हे त्याला कळलं होतं. त्यानं एक बादली काठोकाठ भरली आणि वर दिली. एका हातातून दुसऱ्या हातात, एक थेंब न सांडता ती वर आली. तुमेनं ती दोन्ही हातांनी घेतली, डोणीत ओतली नाही, पायथ्याच्या दगडांवर ओतली. माती कोरडी होती, पाणी लगेच आत गेलं.

एवढं सांगून झालं की दबासो उठतो आणि पाहुण्यांना खाली नेतो. तिथे पाळी चालू असते. आजही त्या विहिरीवर कोणी गात नाही. आजही गुरांना नावानं, एकेक करून बोलावतात आणि हाक मारायचा मान घरातल्या बाईचा असतो. शेवटचं जनावर पिऊन गेलं की ती ते एक नाव घेते, हात थांबतात, आणि एक भरलेली बादली वर येते. पाऊस न पडलेल्या वर्षीही येते, वर उभ्या माणसांच्या ओठांना भेगा पडलेल्या असल्या तरी येते. कोणी विचारलंच की इतक्या पिढ्या झाल्या, आता पुरे नाही का, तर दबासो फटकळपणा विसरतो. म्हणतो, त्यानं त्या दिवशी पाणी प्यायलं होतं की नाही, ते अजून कुणाला कळलेलं नाही.